मान न हलवण्याची नोकरी

माझ्या नोकरीत घाबरणं हेच काम होतं. हे मी गमतीने लिहीत नाही. पत्रावर पद ‘सुरक्षा चालक’ असं होतं, पण पहिल्याच दिवशी आमच्या प्रशिक्षकांनी सांगितलं, “ज्या दिवशी तुम्हाला या गाडीची भीती वाटेनाशी होईल, त्या दिवशी मला येऊन सांगा. मी तुम्हाला दुसरं काम देईन.” तीन वर्षं मी त्या गाडीत बसलो. तसं सांगायला जायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही.

गाडी स्वतः चालणारी होती. हिंजवडीकडच्या एका कंपनीने ती तयार केली होती आणि रीतसर परवानगी काढून पौड ते कोळवण या रस्त्यावर तिची चाचणी चालू होती. दिसायला साधी पांढरी मोटार. फक्त टपावर एक काळा डबा गरगर फिरत असायचा, म्हणून आमच्याकडे तिचं नाव ‘टोपीवाली’ पडलं. तो डबा आणि चारी बाजूंचे कॅमेरे यांच्यावरून समोर काय आहे ते गाडी ओळखायची आणि स्टेअरिंग, ब्रेक, वेग सगळं स्वतः सांभाळायची. मी चालकाच्या जागेवर बसायचो. हात स्टेअरिंगजवळ, पण स्टेअरिंगवर नाहीत. उजवा पाय ब्रेकच्या वर, पण टेकलेला नाही. गाडी चुकतेय असं वाटलं की क्षणात ताबा घ्यायचा. चुकली नाही तर काहीच करायचं नाही. दिवसभर काही न करता तयार राहणं किती दमवतं, ते मला या नोकरीत कळलं. घरी जेवायला बसलो तरी उजव्या पायाची बोटं आपोआप दाबली जायची.

पौडात आमच्या शेजारचे काका अब्बांना म्हणाले होते, “पोरगं इंजिनेर झालं आन शेवटी डायवरच झालं व्हय? त्यातबी म्हनं गाडी चालवत न्हाई!”

अब्बा हसले होते. एसटी स्टँडजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. ते चौथीपर्यंत शिकले, अम्मी तेवढीही नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. अशा कामाला मला कोणी विचारून घेईल, हे मला तेव्हाही खरं वाटत नव्हतं आणि त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. म्हणून या लेखात कंपनीबद्दल तक्रार फारशी सापडणार नाही. कबुली आहे, ती माझी.

लोकांना वाटतं, अशा गाडीला चालवणं शिकवणं अवघड. ते अवघड आहेच, पण रस्त्यावरच्या माणसांशी बोलणं शिकवणं त्याहून अवघड. फाट्यावर दोन माणसं समोरासमोर आली तर काय होतं? एक जण हनुवटी जराशी उचलतो, दुसरा हँडलवरची दोन बोटं वर करतो, आणि कोणी आधी जायचं ते ठरतं. तोंडातून शब्द निघत नाही. गाडीला ना हनुवटी ना बोटं. म्हणून कंपनीने तिला पुढच्या काचेखाली दिव्यांची एक निळसर पट्टी दिली होती. गाडी स्वतः चालत असताना पट्टी सलग पेटलेली राहायची, आणि कुणाला वाट द्यायला थांबली की संथपणे उघडझाप करायची. इतर वाहनांशी बोलायला रेडिओसारखी एक यंत्रणा होती. पण आमच्या रस्त्यावर ती दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. त्यामुळे गाडी दिवसभर एकटीच बोलायची.

मूळ प्रोग्राम परदेशातला होता. तिकडे म्हणे समोरच्याला ‘तुम्ही आधी जा’ असं सांगायला हेडलाइट चमकवतात. आपल्याकडे डिपर मारला की अर्थ एकच, ‘मी येतोय, तू थांब.’ एकदा एका अरुंद पुलावर समोरून आमच्या गावातल्या बबनची प्रवासी नेणारी वडाप जीप आली. आमची गाडी शहाण्यासारखी थांबली आणि तिने डिपर मारला. बबन चिडून थांबला आणि त्याने उलट मारला. हिने पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी बबन खाली उतरून माझ्या खिडकीशी आला.

“काय रं इकबाल, लई घाई हाय व्हय तुला? मंग जा की! सारखं काय डोळं मारतुयास?”

“मी नाही रे, गाडी मारतेय. ती तुला आधी जा म्हणतेय.”

“गाडी म्हनती? थांब, तिलाच इचारतो.” तो बॉनेटपुढे वाकला आणि हात जोडून म्हणाला, “बाईसाहेब, जाऊ का?”

जीपमधली माणसं खो खो हसली. मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या आमच्या ऋचा मॅडमही हसल्या. त्या पुण्याच्या, वयाने माझ्याएवढ्याच, आमच्या गटाच्या प्रमुख. आठवड्याच्या आत त्यांनी डिपरचा तो प्रकार बंद करून टाकला.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. शेतावर जाणाऱ्या बायका रस्ता ओलांडताना वाहनाकडे तळहात करतात. ही खूण गाडीला चांगली शिकवलेली होती. तळहात दिसला की ती लांबूनच वेग कमी करून थांबायची. बायकांना ते फार आवडलं. एक काकी माझ्या देखत दुसरीला म्हणाली, “ही टोपीवाली लई गुनाची हाय बाई. हात केला की गप हुबी ऱ्हाती. न्हाईतर ती बाकीची मेली!” हळूहळू त्या बायका आमच्या गाडीकडे न बघताच हात करून, गप्पा मारत रस्त्यात उतरायला लागल्या.

एका सकाळी त्याच काकींनी हात केला, गाडी थांबली, त्या चालू लागल्या. मी आरशात पाहिलं तर मागून खडीचा डंपर येत होता. आम्ही का थांबलो ते त्याला कुठून कळणार? आमची पट्टी पुढच्या बाजूला होती. त्याने हॉर्न दाबला आणि उजवीकडून तो आमच्या पुढे निघाला. काकी अर्ध्या रस्त्यात होत्या. डंपर त्यांच्यासमोरून गेला तेव्हा वाऱ्याने त्यांचा पदर उडून खांद्यावरून खाली आला. काकींनी पदर सावरला, डंपरवाल्याच्या आईचा उद्धार केला आणि हसत पलीकडे गेल्या. आमच्या गाडीने त्यांना एक सवय लावली होती, आणि ती सवय बाकीच्या रस्त्याने कबूल केलेली नव्हती. त्यानंतर मागच्या काचेवरही दिवे लावले गेले. पण त्या दिवसापासून माझी भीती बदलली. तोवर मी गाडी चुकेल म्हणून घाबरायचो. आता ती बरोबर वागली तरी घाबरायला लागलो.

आता धोंडूमामांबद्दल लिहितो. त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

धोंडूमामा कोळवण खोऱ्यातले दूधवाले. सत्तरी ओलांडलेले, सडसडीत, डोक्याला टोपी, सायकलच्या हँडलला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या. बाकीचे दूधवाले कधीच मोटारसायकलवर गेले. मामा म्हणायचे, “म्या तिला पेट्रोल पाजू का म्हशीला पेंड चारू?” त्यांची सायकल अब्बांच्या हातची. ब्रेक दुरुस्त केला की सायकल गिऱ्हाइकाला लगेच द्यायची नाही, आधी स्वतः उतारावरून जाऊन यायचं, असा अब्बांचा नेम आहे. मामा दुकानाच्या फळीवर बसून ते बघत असायचे.

बारावीच्या गणिताच्या पेपरला माझं केंद्र पिरंगुटला होतं. त्या सकाळी एसटी आलीच नाही. मी स्टँडवर रडकुंडीला आलो होतो. मामांनी भरलेल्या किटल्या अब्बांच्या दुकानात ठेवल्या, मला मागे कॅरियरवर बसवलं आणि पिरंगुटपर्यंत पायडल मारत नेलं. चढावर मी उतरतो म्हटलं तर ओरडले, “बस गप! गनितं मोज मनातल्या मनात!” त्या दिवशी त्यांचं दूध नासलं. मी पास झालो. माझ्या पदवीत त्या दोन किटल्या दुधाचा वाटा आहे, असं मी कॉलेजच्या निरोपसमारंभातही सांगितलं होतं.

आमच्याकडे स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला ओळखीचा माणूस दिसला, तर त्याने मान हलवायची असते. मी तुम्हाला बघितलंय, एवढं समोरच्याला कळलं की पुरे. बाकी तो सांभाळून घेणार, हे धरलेलंच असतं. लहानपणापासून मी हे बघत आलोय. न हलवणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर माजलेला.

भातकापणीचे दिवस होते. सकाळी साडेसात-आठची वेळ. कोळवणच्या अलीकडे एक फाटा आहे, तिथून आमच्या डाव्या, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या उजव्या हाताला डेअरीकडे रस्ता जातो. समोरून धोंडूमामा आले. वळायचं म्हणून रस्त्याच्या मधोमध, एक पाय जमिनीला टेकून थांबले. दोन्ही हात भरल्या किटल्यांच्या वजनात अडकलेले, त्यामुळे हात दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी काचेतून बघितलं. काचेमागे अब्बांचा इकबाल. बऱ्याच दिवसांनी दिसले होते. मला बरं वाटलं. मी मान हलवली.

मामांनी सायकल वळवली.

गाडीने ती मान बघितली नव्हती. ती तिच्यासाठी नव्हतीच. तिच्या दृष्टीने समोर एक सायकलस्वार पाय टेकून उभा होता, थांबलेला होता आणि तिला वाट देत होता. ती आपल्या वेगाने पुढे निघाली. वेग फार नव्हता. पण किटल्यांनी लादलेली सायकल आणि सत्तरी ओलांडलेला माणूस यांच्यासाठी तो कमीही नव्हता. मी पाय दाबला आणि त्याच क्षणी गाडीनेही ब्रेक लावला. कोणाचा आधी लागला ते अजून मला माहीत नाही. सायकलच्या मागच्या चाकाला धक्का बसला, फार मोठा नाही, आणि मामा पलीकडच्या अंगाला पडले. किटल्यांची झाकणं निघून दूध डांबरावरून आमच्या चाकाखाली वाहत आलं.

मी धावत गेलो. मामा उठून बसले होते, डावं मनगट उजव्या हातात धरून. त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. गोंधळल्यासारखे माझ्याकडे बघत एवढंच म्हणाले, “तू व्हय म्हनलास न्हवं रं?”

मी म्हणालो, “चला मामा, दवाखान्यात जाऊ.”

मनगट मोडलं होतं. डोक्याला लागलं नव्हतं. पौडात प्लास्टर घालून त्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात अहवाल भरायचा होता. ऋचा मॅडमनी संगणकावरची नोंद दाखवली. “बघ, वळण्याआधी साडेचार सेकंद तो पूर्ण थांबलेला आहे. हाताचा इशारा नाही. सायकलस्वार अचानक वळला, असंच लिहावं लागेल ना?”

छापील अर्जातही तोच प्रश्न होता, ‘सायकलस्वाराने वळण्याआधी इशारा दिला होता का?’ त्याने विचारलं होतं का, आणि गाडीतल्या माणसाने काय उत्तर दिलं, असा रकाना नव्हता. गाडीच्या आत एक कॅमेरा माझ्याकडे लावलेला असायचा, पण मला झोप लागली नाही ना एवढंच तो बघायचा. माझे डोळे उघडे होते, असं त्याने लिहून ठेवलं होतं. ऋचा मॅडम त्या सकाळी मागच्या सीटवर नव्हत्या. मान हलल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. मला आणि मामांना सोडून.

ज्या नोकरीसाठी घरातली दोन माणसं आयुष्यभर झिजली, ती एका मानेवर जाणार, हे मला समोर दिसत होतं. मी म्हणालो, “मॅडम, उद्या भरतो.”

संध्याकाळी मामांच्या घरी गेलो. ओटीवर दोन शेजारी बसले होते आणि मामा त्यांना सांगत होते, “इकबालची काय चूक न्हाई. त्यानं मला बघितलं, जा म्हनला. गाडीचाच बिरेक लागला न्हाई. नवी गाडी, व्हतं आसं.”

मामी चहा घेऊन आल्या. मी कप बाजूला ठेवला. शेजारी गेल्यावर मी म्हणालो, “मामा, गाडी मी चालवत नव्हतो.”

“आं? तूच तर बसला व्हतास स्टेरिंगवर.”

“बसतो फक्त. ती आपली आपण चालते. ती चुकली तर मी धरायचं, एवढंच माझं काम.”

मामांनी प्लास्टरवरून हात फिरवला. मग शांतपणे म्हणाले, “चालवत न्हवतास, तर मान कशापाय हालवलीस?”

ते रागावले असते तर मी पाय धरले असते. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. मामींनी कप उचलला, तो तसाच भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी सगळं मराठीत लिहिलं. ऋचा मॅडमनी ते वाचलं, पुन्हा वाचलं.

“हे काल का नाही सांगितलंस?”

“घाबरलो होतो.”

“मी काल ‘अचानक वळला’ म्हणून पुढे पाठवून दिलं असतं, इकबाल. मग गाडीला आपण काय शिकवलं असतं? म्हातारी माणसं विनाकारण वळतात म्हणून?” एवढं बोलून त्या उठल्या आणि कागद घेऊन वरिष्ठांकडे गेल्या.

दोन आठवडे मला गाडीत बसू दिलं नाही. त्या दिवसांत मी अब्बांचा नेम पाळला. कंपनीच्या आवारात दुसऱ्या चालकाला गाडीत बसवायचं, गाडी चालू करायची आणि मी पायी, कधी सायकलवर, तिच्या समोरून रस्ता ओलांडायचा. मला दिव्यांच्या पट्टीचा अर्थ पाठ होता. तरी प्रत्येक वेळी माझी नजर पट्टीवरून उडून काचेमागच्या माणसाच्या तोंडावर जायची. तो सहकारी एकदा जांभई देताना जरा मान खाली करून बसला, आणि मी पाऊल पुढे टाकलं. सगळं माहीत असूनसुद्धा! गाडी तेव्हा थांबली. ती थांबली नसती तर? मी तसाच जाऊन ऋचा मॅडमना हे सांगितलं.

मग नियम झाला. सुरक्षा चालकाने रस्त्यावरच्या कोणाकडेही बघून मान हलवू नये, हसू नये, हात करू नये. हात मांडीवर ठेवावेत. गाडीच्या पुढे मराठी अक्षरांची पाटीही बसवली, थांबली की तिच्यावर ‘आपण जा’ उमटायचं. कामावरून काढलं नाही, उलट तो नियम मराठीत लिहून काढायचं काम मलाच दिलं. मी लिहिला आणि खाली सही केली.

तो नियम माझ्याच गावात पाळायचा होता. शाळेतल्या बाई समोरून गेल्या, मी दगडासारखा. मित्राची आई थांबून हसली, मी दगडासारखा. बबन जीपमधून ओरडायचा, “आरं ए इंजिनेर! वळख हाय का न्हाई?” चहाच्या टपरीवर अब्बांना कोणीतरी ऐकवलं, “तुमचा पोरगा लई शिकला बगा. आता आमी दिसतच न्हाई त्याला.” अब्बा घरी येऊन फक्त म्हणाले, “पाय नीट ठेव ब्रेकवर.”

उन्हाळ्यात मामा पुन्हा सायकलवर दिसायला लागले. मनगट जरा वाकडं बसलं होतं. किटली एकच. एका सकाळी त्याच फाट्यावर ते समोर आले. रस्त्याच्या मधोमध नाही, कडेला, सायकलवरून उतरून, हँडल धरून उभे. गाडीने सायकल ओळखली. आता तिला शिकवलेलं होतं, की कडेला किंवा मधोमध थांबलेला सायकलवाला वळूही शकतो. ती थांबली. पट्टी उघडझाप करायला लागली. पाटीवर ‘आपण जा’ आलं.

मामा हलले नाहीत. चष्म्याशिवाय त्यांना पाटी वाचता येत नव्हती, आणि दिव्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

माझे हात मांडीवर होते. मागे एक एसटी येऊन थांबली, तिच्या चालकाने हॉर्न दिला. नियम माझ्या अक्षरातला होता. पण खरं सांगायचं तर मी नियमासाठी थांबलो नव्हतो. मला खरोखरच माहीत नव्हतं, की पुढच्या क्षणी ही गाडी काय करील. समोर एक माणूस आपला जीव माझ्या तोंडावर वाचू बघत होता, आणि तोंडावर दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. एवढी भीती मला तीन वर्षांत कधी वाटली नव्हती, मामा पडले तेव्हासुद्धा नाही. तेव्हा ती वाटायला वेळच मिळाला नव्हता.

मी ब्रेक दाबला. गाडीचा ताबा माझ्याकडे आल्याचा आवाज झाला. गियर काढला, हँडब्रेक ओढला. तरी उजवा पाय तसाच दाबून ठेवला आणि काच खाली केली.

“मामा, आता गाडी माझ्या हातात आहे. मी पाय दाबून धरलाय. जा.”

मामांनी डोळे बारीक केले. “पाय कुनाचा? तुजा का तिचा?”

“माझा, मामा.”

“बग बरं.”

“माझाच आहे.”

मग मामांनी सायकल पुढे ढकलली. वर बसले नाहीत, चालतच निघाले, किटलीवर वाकडा हात ठेवून. मागे एसटीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. ऋचा मॅडमनी मागे लॅपटॉप मिटला. मामा पलीकडे पोचले, डेअरीच्या रस्त्याला लागले, वळणाआड गेले. तरी ब्रेकवरचा पाय उचलायचं धाडस मला बराच वेळ झालं नाही.